एकाच नावेतील प्रतिस्पर्धी

गळ टाकून मासे धरणे हा एकांताचा छंद, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. काठावर बसलेला एखादा मनुष्य, हातात काठी, समोर संथ पाणी आणि मनात अपार धीर, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. हा विनोद आपल्याकडेही जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र विषय आला आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध केला, हे आमच्या बडोदेकर वाचकांना ठाऊक असेलच. परंतु तेथील विनोद राजाचा आहे. हाच विनोद बरोबरीच्या माणसांचा, तोही नावेतून खेळावयाचा सांघिक सामना कसा झाला, हे पाहायचे तर स्कॉटलंडमधील लॉख लीव्हन या सरोवराकडे वळावे लागते.

एडिंबरोच्या उत्तरेस, किन्रॉस गावाला लागून हे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे तेरा चौरस किलोमीटर असून सरासरी खोली जेमतेम चार मीटर आहे. इतिहासाच्या वाचकांना ते दुसऱ्याच कारणाने परिचित असते. त्यातील एका बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी हिला १५६७ मध्ये कैदेत ठेवण्यात आले. तेथेच तिच्याकडून राजत्यागाच्या कागदावर सही घेतली गेली आणि तेथूनच २ मे १५६८ रोजी ती नावेतून निसटली. पुढे १८३० च्या सुमारास नवी शेतजमीन मिळावी आणि लीव्हन नदीकाठच्या गिरण्यांना बारमाही पाणी मिळावे म्हणून सरोवराची पातळी चार फुटांहून अधिक खाली आणण्यात आली. उथळ, पोषक पाण्यात येथील तपकिरी ट्राउट मासा चांगला पोसतो आणि त्याची कीर्ती दूरवर पोहोचली होती. १८६० च्या सुमारास किन्रॉसपर्यंत रेल्वे आली, तेव्हा शहरांतील हौशी मंडळींना हे पाणी एका दिवसाच्या टप्प्यात आले. १८८० मध्ये स्कॉटलंडमधील मत्स्यवेधी क्लबांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि क्लबांच्या प्रतिनिधींची राष्ट्रीय स्पर्धा याच सरोवरावर सुरू झाली.

या खेळाची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. येथे गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावीत नाहीत. पिसे, लोकर, रेशीम आणि सोनेरी तार गुंडाळून आकड्यावर कृत्रिम माशी तयार करतात. ही माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. वजनदार दोरीच काठीच्या फटक्याने पुढे फेकावी लागते आणि माशी तिच्यामागून जाते. नाव वाऱ्याला आडवी ठेवून तशीच वाहू देतात. वारा फार असेल तर पाण्यात छत्रीसारखी कापडी झोळी सोडून तिचा वेग कमी करतात. नावेत दोघे बसतात, एक पुढच्या टोकाशी, दुसरा मागच्या टोकाशी. प्रत्येकाच्या दोरीला तीन किंवा चार माश्या असतात. त्या वाहत्या नावेच्या पुढे आखूड अंतरावर टाकून स्वतःकडे ओढून घ्यायच्या आणि सर्वांत वरची माशी शेवटच्या क्षणी पाण्याच्या पृष्ठावर नाचवायची, हे त्यातील मर्म. मासा पुष्कळदा त्याच क्षणी झेप घेतो.

या माश्यांशी आपल्या सह्याद्रीचाही एक धागा जोडलेला आहे. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेणासारखे चकाकणारे पांढुरके-पिवळे ठिपके असतात. ‘डंकेल्ड’ नावाच्या प्रसिद्ध माशीच्या दोन्ही गालांवर ही पिसे डोळ्यांसारखी लावतात. दांडेलीच्या किंवा आंबोलीच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते त्या पक्ष्याची पिसे अशा रीतीने स्कॉटिश सरोवरांवर पोहोचली. या हौसेपायी आपल्याकडील पक्षी मारले गेले, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आणि तिकडील कारागीर पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांकडे वळले.

आता सामन्याविषयी. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांच्या सामन्यांत प्रत्येक संघात चौदा जण असतात, म्हणजे एकूण छप्पन्न स्पर्धक आणि अठ्ठावीस नावा. मात्र एका संघाचे दोघे एका नावेत बसत नाहीत. प्रत्येक नावेत एकमेकांविरुद्ध खेळणारेच दोघे असतात. नाव एकच असल्याने कोणत्या किनाऱ्याकडे जायचे, कोठून वाहत यायचे, हे दोघांना संमतीने ठरवावे लागते. दोघांना एकच वारा आणि एकच पाणी मिळते. दिवसअखेरीस संघातील सर्वांची कमाई एकत्र करून निकाल लावतात. त्यामुळे ज्याच्या हाती एकही मासा लागला नाही त्याचेही रिकामेपण संघाच्या हिशेबात येते, आणि त्याच्या शेजारी बसून चार मासे धरणारा माणूस त्याच्या संघाचा नसतो. १९८१ मध्ये लक्झेंबर्ग येथे सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेनेही नावेतील फेऱ्यांसाठी हाच प्रघात ठेवला. तेथे संघ पाच जणांचा असतो आणि मासा मोजून जिवंत सोडून देतात.

या योजनेत आम्हाला मोठे शहाणपण दिसते. आमची नोकरी महसूल खात्यात गेली. हद्दीच्या वादात जमिनीची मोजणी उभय पक्षांसमक्ष व्हावी, असा दंडक आम्ही अनेक वर्षे पाळला. एका पक्षाच्या गैरहजेरीत केलेली मोजणी कितीही अचूक असली, तरी तिच्यावर विश्वास बसत नाही, हा आमचा अनुभव आहे. पाण्याच्या विस्तीर्ण पसाऱ्यावर अठ्ठावीस नावांवर बारीक नजर ठेवणे कोणत्याही पंचाला जड जाईल. तेव्हा प्रतिस्पर्ध्यालाच साक्षीदार केले म्हणजे काम सोपे होते. त्याने आपली प्रत्येक फेक पाहायची आणि आपण त्याची. शिवाय मासा जाळीत घेताना नाव डगमगली तर बुडण्याचा धोका दोघांनाही असतो.

परंतु प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवणाऱ्यांचे पाण्यावरही तितकेच लक्ष असते, असे नाही. लॉख लीव्हनमध्ये गावाचे सांडपाणी, लोकरीच्या गिरणीतून येणारे फॉस्फरस आणि भोवतालच्या शेतांतील खत अनेक दशके उतरत राहिले. जून १९९२ मधील एका शनिवारी शेवाळाच्या दाट, हिरव्या सायीने सरोवर झाकले गेले. स्थानिक लोक त्या दिवसाला ‘सायीचा शनिवार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. गिरणीतून येणारे फॉस्फरस त्यापूर्वीच थांबवले होते, तरी तळाच्या गाळात साठलेले वर येत राहिले. त्यानंतर सांडपाण्याच्या शुद्धीकरणात सुधारणा झाली, ओढ्यांच्या कडेने शेतजमिनीचे पट्टे मोकळे ठेवण्यात आले आणि पाणी सावकाश, वर्षांच्या हिशेबाने निवळत गेले. त्या शनिवारी कोणत्या क्लबाची नाव पुढे होती, या प्रश्नाला काही अर्थ उरला नव्हता.

आपण पिढ्यान्‌पिढ्या परभाषी शेजाऱ्यांमध्ये राहत आलेली माणसे आहोत. आपल्या गावांतही हद्दींचे, पाट्यांचे, शाळांचे वाद आहेत, आणि ते सोडून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. लॉख लीव्हनवर सामना खेळणाऱ्यांनीही जिंकण्याची इच्छा सोडली नव्हती. त्यांनी फक्त प्रतिस्पर्ध्याला आपल्या नावेत जागा दिली, आणि पाणी बिघडले तेव्हा ते दोघांचेही बिघडले, हे उशिरा का होईना, ओळखले. आपल्या गावातील तळ्याच्या काठी उभे राहिले की आम्हाला या सामन्याची आठवण होते, आणि पाण्याचा रंग पाहून मन थोडे अस्वस्थ होते.