सिमेंट रस्त्याखालची पोकळी

मंडळी, आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. रस्ता सिमेंटचा, मुलूख काळ्या मातीचा. ही माती कपाशीला मानवते, रस्त्याला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणूनच रस्ता बांधताना आधी चांगला भराव घालावा लागतो.

डांबर थोडं दबून घेतं, सिमेंटचा स्लॅब ताठ राहतो. सांध्यातून पाणी आत शिरलं की ट्रकच्या चाकाखाली ते दाबलं जातं आणि बारीक माती घेऊन बाहेर उडतं. असं होत होत खाली पोकळी तयार होते. मग अधांतरी राहिलेला स्लॅब तडकतो.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत ओहायोतल्या बेलफाँटेन गावी १८९१ साली सिमेंटचा रस्ता झाला, आणि असे रस्ते वाढले तशी खचलेल्या स्लॅबची डोकेदुखीही वाढली. सुरुवातीचा उपाय साधा होता: स्लॅबला भोकं पाडायची आणि माती-सिमेंटचा पातळ काला दाबाने आत सोडायचा. पण तो जड, आणि घट्ट व्हायला वेळ घेणारा.

१९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं. त्याचाच कडक फोम आपल्या फ्रिजच्या भिंतीत असतो. दोन द्रव एकत्र आले की काही सेकंदांत फुगतात, काही मिनिटांत कडक होतात. बॉम्बने फुटलेली धावपट्टी काही तासांत दुरुस्त करायची असेल तर हे कामाचं, म्हणून अमेरिकी लष्कराच्या व्हिक्सबर्ग येथील संशोधन केंद्राने त्याच्या चाचण्या घेतल्या. दुरुस्त केलेल्या भागावरून विमानाच्या भाराइतकं चाक पुन्हापुन्हा फिरवायचं आणि तो किती खचतो ते मोजायचं, अशी ही पद्धत.

यातली मेख पाण्यात आहे. फोमची ताकद त्याच्या घनतेवर ठरते. फुगताना त्यात पाणी मिसळलं तर जादा वायू होतो, घनता घटते, फोम कच्चा राहतो. आणि आपल्याकडे दुरुस्तीची गरज बहुतेक पावसाळ्यानंतरच लागते, म्हणजे खालची माती ओली असतानाच!

सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात समृद्धीवर खिळ्यांसारख्या नळ्या दिसल्या आणि गाड्यांचे टायर फुटले. बारीक तड्यांत इपॉक्सी भरण्यासाठी त्या बसवल्या होत्या. इपॉक्सीने वरचा तडा बुजतो. खालच्या पोकळीवर तो इलाज नव्हे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: फोम वापरायचा तर आधी वऱ्हाडातल्या ओल्या काळ्या मातीत त्याची चाचणी घ्या, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. सोबत पाण्याचा निचराही नीट करा, नाहीतर भरलेल्या पोकळीशेजारी दुसरी होईल.

आता प्रश्न घेऊ.