श्वासाचा दुसरा आकडा

कोरोनाने आपल्याला बोटावर ऑक्सिजनचा आकडा पाहायला शिकवले. श्वासाच्या दुसऱ्या आकड्याचा माग काढत मी १९५२च्या कोपनहेगनपर्यंत पोहोचलो. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयातले डॉक्टर रुग्णांच्या रक्तात वाढलेले बायकार्बोनेट पाहून बुचकळ्यात पडले होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले, कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाही. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या मुलीला पिशवी दाबून श्वास देत त्यांनी ते दाखवून दिले. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या.

आज तातडीच्या विभागात नाकाशी नळी लावून, सुई न टोचता, यंत्र उच्छ्वासातला हा वायू अवरक्त किरणांनी मोजते. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा बोटावरचा आकडा चांगला दिसतो, तेव्हाही आत कोंडलेला वायू दुसरा आकडाच सांगतो.