न्यायाधीशाचे घराणे

श्रोतेहो, घराण्याचा इतिहास सांगायला बसले, की माणूस आधी पराक्रम सांगतो. अमुक लढाईत आमचा पूर्वज होता, तमुक मान त्याला मिळाला! पण पूर्वजाच्या हातून अन्याय घडला असेल, तर? तो सांगायचा, की झाकायचा?

इंग्लंडातून १६३० साली विल्यम हॅथॉर्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आला आणि पुढे सेलम गावी स्थिरावला. तेथे तो मॅजिस्ट्रेट झाला, शिवाय गावच्या शिबंदीचा मेजरही. ही शिबंदी म्हणजे पगारी फौज नव्हे. शेतकरी नि कारागीरच कवाईत करीत, आणि गावातला वजनदार माणूस त्यांचा अधिकारी होई. न्याय आणि तलवार अशी एकाच हाती आली. क्वेकर पंथाच्या स्त्रियांना या विल्यमने फटक्यांची शिक्षा दिली.

मुलगा जॉन (१६४१–१७१७) बापाच्याच वाटेने गेला. १६९२ साली सेलममध्ये चेटकिणींचा बोभाटा झाला. जॉन चौकशीला बसे, तोच समोरचा माणूस गुन्हेगार आहे असे धरून. रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली देवभोळी म्हातारी. तीही फासावर गेली. १९ जणांना फाशी झाली, एकाचा छातीवर दगड रचून जीव घेतला. आणि जॉन? १७०२ साली तो वरिष्ठ न्यायालयात जाऊन बसला!

त्याचाच सहकारी न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल. १६९७ साली बोस्टनच्या चर्चमध्ये त्याचा कबुलीजबाब वाचला जात असता तो सर्वांसमक्ष उभा राहिला. जॉनने असे काही केल्याची नोंद नाही.

ते काम खापरपणतूच्या वाट्याला आले. नाथॅनिएल हॉथॉर्न हा तो थोर कादंबरीकार. १८५० साली ‘द स्कार्लेट लेटर’च्या प्रास्ताविकात त्याने पूर्वजांची कृत्ये लपविली नाहीत, त्यांची लाज आपल्या शिरावर घेतली.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. त्या खटल्यांतील एलिझाबेथ जॉन्सन हिच्या नावावरचा कलंक २०२२ साली कायद्याने पुसला गेला. त्यासाठी खटपट कोणी केली? आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने! मेलेल्यांना न्याय देता येत नाही, हे खरे. पण खरे काय घडले ते सांगता येते, आणि ते सांगायला वर्गातली मुलेही पुरतात.