शके ५३३ चा महागणपती



दरवर्षी श्रींच्या प्रतिष्ठापनेला गुरुजी संकल्प सांगतात. आपण तळहातावर पाणी घेऊन त्यांच्या मागून म्हणत जातो. आधी देश आणि काळ येतो, मग गोत्र, मग आपले नाव. त्यातच 'शालिवाहन शके' हे शब्द येतात आणि पुढे वर्ष. एका वर्षी पूजेला बसलो असताना आमच्या धाकट्या चिरंजीवांनी मध्येच विचारले, "बाबा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तर वेगळेच वर्ष आहे. हे शके कुठे वापरतात?" मी म्हणालो, "पंचांगात, लग्नपत्रिकेत..." आणि पुढे अडलो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी समुद्र ओलांडून थेट कंबोडियात पोचलो. तिथे जे सापडले ते आपल्या बाप्पाविषयीच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

समुद्रापलीकडे

आपण एन्नोरच्या किनाऱ्यावर विसर्जनाला उभे राहतो तेव्हा समोर बंगालचा उपसागर असतो. या पाण्याच्या पलीकडे, अंदमान आणि मलाया ओलांडून गेले की ख्मेर लोकांचा देश लागतो. अंगकोर वाट या जगप्रसिद्ध मंदिरामुळे आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक असतो. पण अंगकोर वाट बांधले गेले बाराव्या शतकात, राजा दुसरा सूर्यवर्मन याच्या काळात. आपली गोष्ट त्याच्याही पाचशे वर्षे आधीची आहे.

कंबोडियाच्या दक्षिणेला अंगकोर बोरेई नावाचे प्राचीन नगर आहे. तिथे एक शिलालेख सापडला. ख्मेर भाषेतला, कालनोंद असलेला हा सर्वांत जुना लेख मानला जातो. त्याचे वर्ष आहे शके ५३३, म्हणजे इसवी सन ६११. हे आपलेच शक! इसवी सनातून ७८ वजा केले की येते ते. आता या लेखात आहे काय? देवांना अर्पण केलेल्या दासदासींची यादी. आणि ज्या देवांची नावे त्यात आहेत, त्यांत एक आहे 'महागणपती'.

मंडळी, जरा विचार करा. ख्मेर भाषेने स्वतःच्या अक्षरांत तारीख घालून जी पहिली नोंद ठेवली, तिच्यातच बाप्पाचे नाव आहे आणि वर्ष घातले आहे ते आपल्या संकल्पातल्या शकाचे. इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी एक सांगायला हवे. या गणनेला 'शालिवाहन' हे नाव नंतरच्या शतकांत जोडले गेले. ख्मेर लेखांत ते नुसतेच 'शक' आहे. पैठणच्या अभिमानाला त्याने बाधा येऊ नये!

अक्षरे कुठली?

ही अक्षरे आपल्या सध्याच्या मुलखातली आहेत. कांचीच्या पल्लवांच्या राज्यात जी लिपी चालत होती, तिच्यापासूनच ख्मेर लिपी घडली. सुटीच्या दिवशी आपण पाहुण्यांना घेऊन मामल्लपुरमला जातो, रथांपुढे फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी तिथले कोरीव लेख जरूर पाहा. गोलसर वळणांची ती अक्षरे आणि जुन्या ख्मेर लेखांतली अक्षरे ही सख्खी भावंडे आहेत.

अंगकोर बोरेईचा लेख कोरला जात होता, त्याच सुमारास कांचीला पहिला महेंद्रवर्मन राज्य करीत होता. मंडगपट्टू येथील त्याच्या लेखात म्हटले आहे की विटा, लाकूड, धातू आणि चुना न वापरता देवालय करविले. म्हणजे तमिळ मुलखात डोंगर कोरून मंदिरे करण्याची सुरुवात होत होती, तेव्हा पलीकडे महागणपतीच्या सेवेची यादीही लिहून झाली होती.

आपल्या तमिळ सहकाऱ्यांकडून 'वातापि गणपती'ची कथा आपण ऐकतो. इसवी सन ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्मनने चालुक्यांची बदामी जिंकली आणि त्याच्या सेनापतीने तिथला गणपती इकडे आणला, अशी ती आख्यायिका. इतिहासकार तिला इतिहास मानत नाहीत. पण बदामीच्या स्वारीच्या एकतीस वर्षे आधीच बाप्पा समुद्रापार जाऊन बसले होते, हे मात्र दगडावर लिहिलेले आहे.

कोणी कोणाला जिंकले नाही

अशी माहिती वाचली की आपली छाती फुगते आणि 'तिथे आपले राज्य होते' असे आपण बोलून जातो. गेल्या शतकातल्या काही विद्वानांनीही 'हिंदू वसाहती' असा शब्द वापरला होता. आज अभ्यासक तसे मानत नाहीत. पल्लवांचे सैन्य कंबोडियात उतरल्याचा पुरावा नाही. व्यापारी गेले, ब्राह्मण आणि भिक्षू गेले, आणि ख्मेर राजांनी व लोकांनी त्यांना हवे ते घेतले व आपल्या पद्धतीने वळवले.

गणपतीचेच पाहा. ख्मेर लोक त्याला 'प्राह केनेस' म्हणतात. सुरुवातीच्या ख्मेर मूर्तींत त्याला बहुधा दोनच हात असतात, डोक्यावर मुकुट नसतो आणि डोके अगदी खऱ्या हत्तीसारखे असते. आपल्या पेणच्या मूर्तीशेजारी ती ठेवली तर मुले विचारतील, "हे कोण?" पण ते तिकडचे बाप्पा आहेत, तिथल्या मातीत वाढलेले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. चिदंबरमच्या मंदिरात इसवी सन १११४ चा लेख आहे. कंबोज देशाच्या राजाने कुलोत्तुंग चोळाला भेट दिलेला एक खास दगड मंदिरात बसवल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे इकडून फक्त गेलेच असे नाही, तिकडून आलेही.

यादी हरवते तेव्हा

ख्मेर पुरातत्त्वाविषयी वाचताना मला सर्वांत जास्त हलवून गेली ती बाफुओन मंदिराची कथा. अकराव्या शतकातले हे प्रचंड शिवमंदिर आतल्या वाळूच्या भरावामुळे ढासळत चालले होते. १९६० च्या सुमारास फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ठरवले की ते दगड-दगड सुटे करायचे, आतून मजबूत करायचे आणि पुन्हा रचायचे. सुमारे तीन लाख दगड उतरवून आसपासच्या रानात मांडले गेले. कुठला दगड कुठे बसतो याच्या नोंदी केल्या होत्या. मग यादवी युद्ध आले, काम थांबले. १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली आणि त्या साऱ्या नोंदी नष्ट झाल्या.

दगड होते, मंदिर नव्हते. तीन लाख तुकड्यांचे कोडे, आणि चित्र हरवलेले! १९९५ मध्ये पुन्हा काम सुरू झाले. पॅरिसमध्ये शिल्लक राहिलेली जुनी छायाचित्रे पाहत, एकेक दगड मोजत, जुळवत हे काम चालले आणि २०११ मध्ये पूर्ण झाले. दगड जागेवरच पडून होते, पण नोंदवही नव्हती म्हणून ते जागी बसवायला सोळा वर्षे लागली.

दुसरी कथा शून्याची. मेकाँग नदीकाठच्या साम्बोर येथील एका लेखात शके ६०५ हे वर्ष अंकांत लिहिले आहे आणि मधले शून्य ठिपक्याने दाखवले आहे. इसवी सन ६८३ चा हा अंक. शून्याच्या सर्वांत जुन्या, निश्चित तारखेच्या खुणांत त्याची गणना होते. जॉर्ज सेदेस या फ्रेंच विद्वानाने १९३१ मध्ये त्याचे महत्त्व जगापुढे मांडले. ख्मेर रूजच्या धामधुमीत तो दगड बेपत्ता झाला. अमीर अक्झेल या गणिताच्या लेखकाने शोध घेत २०१३ मध्ये तो अंगकोरच्या एका कोठारात शोधून काढला. सेदेस यांनी लिहून ठेवले नसते, तर कोठारातल्या त्या दगडाकडे कोणी ढुंकून पाहिले असते का?

बाप्पा परत आले

आता गणपतीची कथा. दहाव्या शतकात सुमारे सोळा वर्षे ख्मेर राजधानी कोह केर येथे होती. तिथल्या प्रासात बाक नावाच्या छोट्या देवळात गणपतीची भव्य दगडी मूर्ती होती, वजनाला सुमारे तीन टन. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या अंदाधुंदीच्या काळात कोह केर लुटले गेले. गणपतीही गेला. तस्करांच्या हातून फिरत तो अमेरिकेतल्या एका धनाढ्य संग्राहकाकडे पोचला.

कंबोडियाच्या लोकांनी पाठ सोडली नाही. ज्यांनी तरुणपणी मूर्ती चोरल्या होत्या अशा माणसांना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. कुठून काय काढले, ते जागेवर नेऊन विचारले. तस्करांचे कागद आणि फोटो मिळवले. पुरावे समोर आल्यावर संग्राहकाने ताबा सोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे तीस पुरावस्तू कंबोडियाच्या स्वाधीन करण्याचा समारंभ झाला, त्यांत हा गणपती होता.

आपल्या तमिळनाडूतही अगदी असेच घडले आहे. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदन गावचा चोळकालीन नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्या मूर्तीचा जुना फोटो होता. फोटो आणि मूर्ती ताडून पाहिली आणि चोरी उघडी पडली. सप्टेंबर २०१४ मध्ये नटराज भारतात परतला.

आपणही या कामात मागे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८६ ते १९९३ या काळात, तिकडे शांतता नसताना, अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. पुढे झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ता प्रोम मंदिराचे कामही हाती घेतले. झाडे न तोडता मंदिर सावरायचे, असे ते नाजूक काम.

आणि आपली वही?

हे सारे वाचून मी विचारात पडलो तो आपल्या मंडळाच्या. आपले मंडळ नक्की कोणत्या वर्षी सुरू झाले? एक काका म्हणतात आणीबाणीच्या आधी, दुसरे म्हणतात आणीबाणी उठल्यावर. दोघेही पहिल्या उत्सवाला हजर होते! पहिली मूर्ती मद्रास मेलने मांडीवर घेऊन कोणी आणली, यावरही दोन घराण्यांचे दावे आहेत. वर्गणीची पहिली वही होती. तिच्यात कोणी किती दिले, कोणत्या तमिळ शेजाऱ्याने मांडवाला बांबू दिले, पहिल्या आरतीला किती जण होते, सारे होते. ती एका पेटीत खाली ठेवलेली होती. डिसेंबर २०१५ च्या पुरात पाणी घरात शिरले आणि वहीचा लगदा झाला. त्या काकूंच्या डोळ्यांत अजून पाणी येते. दोष त्यांचा नाही. आपण कोणीच तिची दुसरी प्रत केली नव्हती.

आपल्यापैकी किती जण निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला गेले. काही देवाघरी गेले. मुले बंगळूरला आणि अमेरिकेला आहेत. आपण इथे परमुलखात येऊन जे उभे केले ते दगडात नाही, माणसांच्या आठवणीत आहे, आणि आठवण दगडापेक्षा लवकर झिजते.

म्हणून एक विनंती. यंदा दर्शनाला येताना घरातला जुना फोटो, वर्गणीची पावती, जुनी स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, जे असेल ते बरोबर आणा. मांडवात त्याची प्रत काढून मूळ वस्तू तुम्हाला लगेच परत मिळेल. फोटोच्या मागे नावे आणि वर्ष पेन्सिलीने लिहा. तमिळ मित्रांनाही विचारा. आपल्या आधीचे काही फोटो त्यांच्याकडेच असतील. ज्येष्ठांना मोदक, कोळुक्कट्टै समोर ठेवून बोलते करा आणि मुलांना ते लिहून घ्यायला सांगा. दोन काकांचे दोन दावे असतील तर दोन्ही लिहा.

अंगकोर बोरेईच्या त्या यादीत दासदासींचीही नावे आहेत. त्यांना कोणी विचारून नेले नसेल, त्यांचे दुःखही लेखात नाही. राजवाडे गेले, राज्ये गेली. पण कोणीतरी ती यादी कोरली म्हणून ती माणसे चौदाशे वर्षांनी आपल्याला भेटतात. आपण तर आनंदाने, आपल्या हौसेने बाप्पाच्या सेवेत उभे आहोत. आपली नावे निदान एका वहीत तरी असावीत.

चिरंजीवांना आता उत्तर देता येते. शके कुठे वापरतात? जिथे जिथे बाप्पा गेले, तिथे तिथे.

गणपती बाप्पा मोरया!