वेळेवर येणारं यंत्र

घरी बसून संगीत करायचं तर कुठला संगणक घ्यावा? १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनी-इंग्लंडमधल्या कितीतरी वादकांनी याचं एकच उत्तर दिलं असतं: अटारी एसटी. मी मूळचा हार्मोनियमवाला, पुढे अरेंजिंगकडे वळलो. ते उत्तर का बरोबर होतं हे जसजसं कळत गेलं, तसतसे जाहिरातींतले आकडे मला दुय्यम वाटू लागले.

१९८३ साली अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडून वाजवले गेले आणि ‘मिडी’ जगासमोर आलं. त्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. १९८५च्या अटारीला या मिडीची दोन्ही सॉकेट कंपनीतूनच बसवून येत. मॅकला वेगळा डबा लागे, पीसीला वेगळं कार्ड. बाकी अटारी तसा गरीबच: आठ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १०४० मॉडेलमध्ये एक मेगाबाइट मेमरी. पण सूर बाहेरच्या सॅम्पलरमधून निघत. यंत्रानं निरोप वेळेवर पोचवला की झालं. एका वेळी एकच काम करणारं ते यंत्र हे फार नेटकं करी. सी-लॅबचे सिक्वेन्सर त्यावर चालत, स्टाइनबर्गचं क्यूबेस १९८९ मध्ये त्यावरच आलं. ‘फॅटबॉय स्लिम’ नावानं गाजलेल्या नॉर्मन कुकनं तर १९९८चा अल्बमसुद्धा घरी अटारीवरच केला, तोवर बाजारात त्याहून कितीतरी ताकदवान यंत्रं असताना. चांगला तबलजी जसा हात दाखवण्याआधी ठेका सांभाळतो, तसं हे यंत्र होतं.

खरा आवाजच संगणकात साठवायचा म्हटल्यावर मात्र अटारी थकला. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट स्टिरिओ आवाज दहा मेगाबाइटहून जास्त जागा खातो. अटारीच्या मेमरीत जेमतेम सहा सेकंद मावले असते. १९९१ मध्ये मॅकवर प्रो टूल्स आलं, तेही आपली कार्डं घेऊन, आणि ट्रॅक होते चार. आता निवड हार्ड डिस्कवर ठरू लागली.

१९९६च्या क्यूबेस व्हीएसटीनं रिव्हर्बसारखे परिणाम थेट प्रोसेसरकडून करून घेतले. घरच्या स्टुडिओसाठी हे मोठं वळण, पण त्यासोबत जुना प्रश्न नव्या रूपात आला. गायकाचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत यायला उशीर लागतो. संगणक आवाज ज्या तुकड्यांनी हाताळतो तो बफर १०२४ सॅम्पलचा असेल तर जाताना किंवा येताना, एका बाजूलाच २३ मिलिसेकंद जातात. हवेत आवाज तेवढ्या वेळात आठ मीटर जातो. दोन्ही बाजू धरल्या तर तबला हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवून समेवर या म्हटल्यासारखं. विंडोजचे साधे ड्रायव्हर याहूनही फार मागे राहत. १९९७च्या सुमारास स्टाइनबर्गनं ‘असिओ’ ड्रायव्हर आणला, तेव्हा कुठे घरच्या पीसीवर गाणं रेकॉर्ड करण्यात अर्थ उरला. नव्या प्रोसेसरांपेक्षा या ड्रायव्हरचं ऋण मला मोठं वाटतं, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

पंख्याचंही तसंच. पुण्यात मे महिन्यात माझ्या खोलीत छताचा पंखा बंद करूनच रेकॉर्डिंग होतं. त्या शांततेत तानपुऱ्याच्या बारीक जव्हारीवर लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला तर टेक फुकट जातो. २०२०च्या एम-१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो: सोळा जीबी रॅम आणि एसएसडी एवढं असलं की प्रोसेसरच्या पिढ्यांवर भांडू नका. आपला ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन घेऊन ओळखीच्या कुणाकडे तुम्हाला घ्यायचं तेच मॉडेल गाठा, बफर १२८ वर ठेवा, आठ-दहा ट्रॅक सुरू करा आणि त्यावर द्रुत लयीतली एक तान घेऊन पाहा. आवाज तडकला किंवा स्वतःचाच स्वर मागून आला, तर ते मॉडेल घेऊ नका.