मॉनिटर स्पीकरच्या ध्वनिपातळीचे नियंत्रण

मॉनिटर स्पीकरच्या ध्वनिपातळीचे नियंत्रण म्हणजे ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्पीकरचा आवाज, मुद्रित ध्वनीत कोणताही बदल न करता, कमी-अधिक करण्याची व्यवस्था होय. घरगुती स्टुडिओत खोली लहान असते, स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ असतात आणि शेजारची घरे लागून असतात. त्यामुळे तेथे हे नियंत्रण विशेष महत्त्वाचे ठरते.

महत्त्व

मानवी कान सर्व वारंवारतांना सारखाच संवेदनशील नसतो आणि ही संवेदनशीलता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. आयएसओ २२६ हे आंतरराष्ट्रीय मानक याच विषयावर आहे. आवाज लहान असताना खर्जातील ध्वनी कमी ऐकू येतात. त्यामुळे हळू आवाजात भजनाचे मिश्रण करणारा पखवाजाची डावी बाजू नकळत वाढवून ठेवतो आणि तेच मुद्रण मोठ्याने वाजवल्यावर ती घुमू लागते. फार मोठ्या आवाजात केलेले मिश्रण याउलट घरी हळू ऐकताना पोकळ वाटते. म्हणून मिश्रणाचे निर्णय शक्यतो एकाच ठरावीक पातळीवर घेतले जातात.

पद्धती

* ऑडिओ इंटरफेसवरील बटण : ही सर्वांत सोपी व प्रचलित पद्धत आहे.
* स्वतंत्र मॉनिटर नियंत्रक : हा इंटरफेस व स्पीकर यांच्यामध्ये जोडतात. आवाज तात्काळ बंद करणे, स्पीकरच्या जोड्या बदलणे व एककर्णी श्रवण अशा सोयी त्यात असू शकतात.
* संगणकातील नियंत्रण : डिजिटल पातळी ६ डेसिबेलने उतरवली की साधारण एका बिटाइतकी सूक्ष्मता घटते. २४ बिट प्रणालीत थोड्या कपातीने फरक जाणवत नाही.

स्पीकरच्या मागील बटणे दोन्ही बाजूंना समान ठेवून पुन्हा हलवत नाहीत. मिश्रणाच्या मुख्य फेडरने ऐकण्याचा आवाज कमी करणे टाळतात, कारण त्यामुळे तयार होणाऱ्या फाइलची पातळीही बदलते. मायक्रोफोन चालू असताना स्पीकर बंद ठेवून हेडफोन वापरतात. उपकरणे सुरू करताना स्पीकर शेवटी, तर बंद करताना प्रथम हाताळतात. त्यामुळे स्पीकरमध्ये येणारा धक्क्याचा आवाज टळतो.

संदर्भपातळी

संदर्भपातळी ठरवण्यासाठी पिंक नॉइज हा चाचणीध्वनी एका वेळी एकाच स्पीकरवर वाजवून, ऐकण्याच्या जागी ध्वनिमापकाने पातळी मोजतात. चित्रपटांच्या मिश्रणगृहांत प्रत्येक मुख्य स्पीकरसाठी ८५ डेसिबेल ही पातळी रूढ आहे. लहान खोलीत त्याहून कमी पातळी ठेवतात. दोन्ही स्पीकरची पातळी समान झाल्यावर बटणाच्या त्या स्थानी खूण करतात. भ्रमणध्वनीवरील मापक ॲपचे आकडे अंदाजे असतात, तरी दोन स्पीकरची तुलना करण्यास ते उपयोगी पडतात.

श्रवणसुरक्षा व कायदा

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल (ए) आवाजात दिवसाला कमाल ८ तास राहावे. दर ३ डेसिबेल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबेलला ती २ तास उरते. अतिध्वनीमुळे झालेली श्रवणहानी बहुधा कायमची असते.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल (ए) ही परिसरातील आवाजाची मानके आहेत. रात्रीची वेळ १० ते ६ अशी धरली जाते. पत्र्याच्या छताच्या किंवा सामाईक भिंतीच्या घरांत खर्जाचा आवाज सहज बाहेर जातो. त्यामुळे रात्रीचे काम हेडफोनवर करून अंतिम तपासणी दिवसा ठरलेल्या पातळीवर करणे सोयीचे ठरते.