महागाई आणि नियम ५६

डाळ-तेल महागले की घरोघर एकच सवाल होतो : दिल्लीत कुणी बोलत नाही का? बोलतात, पण कोणत्या नियमाखाली बोलायचे यावरच आठवडा जातो. आम्हालाही पूर्वी हा निव्वळ तमाशा वाटे. लोकसभेचे नियम वाचल्यावर कळले, भांडण खरे आहे.

नियम ५६ म्हणजे स्थगन प्रस्ताव. सकाळी दहापर्यंत नोटीस, अध्यक्षांची संमती, कुणी हरकत घेतली तर किमान ५० सदस्यांनी उभे राहायचे. मग दुपारी चारला इतर कामकाज बाजूला ठेवून किमान अडीच तास चर्चा आणि शेवटी मतदान. नियम १९३ खाली चर्चा होते, मतदान नाही.

हे हत्यार इंग्रजी अमदानीतले. १९१९ च्या कायद्याने आलेल्या मध्यवर्ती विधिमंडळाला सरकार पाडता येत नव्हते. निदान त्याच्यावर ठपका ठेवता येई. १९५० मध्ये अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकरांनी सांगितले की, आता सरकार सभागृहाला जबाबदार आहे, तेव्हा हा प्रस्ताव अपवाद म्हणूनच यावा. म्हणणे तर्काला धरून होते. पण पुढच्या प्रत्येक सरकारला ते सोयीचेही ठरले.

खरी मेख नियम ५८ मध्ये आहे. विषय ठरावीक आणि नुकताच घडलेला हवा. गोळीबार त्यात बसतो, रेल्वे अपघात बसतो. महागाईला मात्र तारीख नसते. ती रुपया-रुपयाने चढते. २०१० च्या जुलैत विरोधकांनी तिच्यावर स्थगन प्रस्ताव मागितला, तो नाकारला गेला. कामकाज ठप्प झाले आणि ऑगस्टमध्ये नियम ३४२ खाली, मतविभागणीविना, चर्चा झाली.

नोटाबंदीला तर तारीख होती : ८ नोव्हेंबर २०१६. चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या. तरी विरोधक ५६ वर अडले, सरकार १९३ वर. अध्यक्षपदी होत्या सुमित्रा महाजन, जन्माने आपल्या चिपळूणच्या. १६ डिसेंबरला अधिवेशन संपले, पण चर्चा पुरी झाली नाही. दरम्यान प्राप्तिकर कायद्यातील दुरुस्ती मात्र गोंधळात, चर्चेविना मंजूर झाली.

मतदानाने सरकार पडतेच असे नाही. किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीवर ५ डिसेंबर २०१२ रोजी नियम १८४ खाली मतदान झाले. सरकार २५३ विरुद्ध २१८ मतांनी जिंकले. समाजवादी पक्ष आणि बसपने त्या गुंतवणुकीविरुद्ध भाषणे केली आणि मतदानाच्या वेळी ते सभागृहाबाहेर निघून गेले. नियम १९३ असता तर त्यांची फक्त भाषणेच आपल्यापर्यंत आली असती.